एका नगाचं गिऱ्हाईक

...आणि वर तो बोर्ड बनवणाऱ्या कंपनीतला पोरगा मलाच विचारतो, "काका, किती हजार पीस काढायचेत?" हजार! अरे, मी काय बोर्डांचं दुकान घालणार आहे? म्हटलं, एक. तो म्हणाला, "एक हजार?" म्हटलं, एक. त्याच्यापुढे हजार नाही, शंभर नाही, काही नाही. नग एक. त्यानं काचेच्या भिंतीपलीकडच्या दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे बघितलं, आणि तिसऱ्यानं येऊन मला विचारलं, "पाणी घेणार का?" पाणी विचारलं की समजायचं, काम होणार नाही. चाळीस वर्षं मी स्वतः गिऱ्हाइकांना पाणी पाजून परत पाठवलंय, मला शिकवता?

बसा, बसा. पहिल्यापासून सांगतो. मी तसा कमी बोलणारा माणूस. चौथी शिकलो आणि लेथवर उभा राहिलो, आता लेथपुढे बोलायचं कोणाशी, लोखंडाशी? पण तुम्हाला सांगतो, या प्रकरणात मला जेवढं बोलावं लागलं तेवढं लग्न जमवताना लागलं नव्हतं, आणि तेही कशासाठी, तर तळहाताएवढ्या एका बोर्डासाठी!

प्रकरण आमच्या हिच्या विणायच्या मशीनचं. पंधरा वर्षांपूर्वी हिच्या बोटांचे सांधे धरले. सुया धरवेनात. जी बाई भाजी शिजता शिजता, फोनवर बोलता बोलता, माझ्यावर डाफरता डाफरता स्वेटर उतरवायची, ती हात मांडीवर ठेवून बसली. मला बघवेना. बोललो नाही. मी कमी बोलतो. मी मशीन बनवलं. दीडशे सुया एका ओळीत, त्यांच्यावरून सरकणारा गाडा, गाड्याला मोटर. एकेक सुईची खाच मी कापली, मधे केस जाणार नाही. पण कुठली सुई वर आणि कुठली खाली, हे ठरवायला डोकं लागतं, ते डोकं माझ्या मित्रानं केलं. रेडिओ दुरुस्त करायचा तो. त्यानं एका बोर्डावर अख्खा कॉम्प्युटर बसवला. अख्खा! पडदा नाही, पेटी नाही, सगळा संसार एकाच हिरव्या पाटीवर. पाच बटणं आणि एक दिवा. ही बटण दाबायची, गाडा खर्र करून जायचा, खर्र करून यायचा, आणि खालून नक्षी उतरायची. पुढे मित्र गेला. बोर्ड चालत राहिला. पंधरा वर्षं.

आणि एके दिवशी, धूर. वयानं. वय झालं की जायचंच, माणूस काय नि बोर्ड काय.

तुम्ही म्हणाल, गेला तर गेला, त्यात एवढं काय? अहो, मशीनवर शाल होती. अर्धी! आणि कोणाची? या बाईनं मुलाला विणलं, सुनेला विणलं, माझ्या बहिणींना विणलं, तेही त्यांच्या नावानं बोटं मोडत मोडत विणलं, माझ्या लेथवाल्या दोस्तांना कानटोप्या विणल्या, एकदा तर शेजाऱ्यांच्या कुत्र्याला अंगरखा विणला, त्या कुत्र्याचे पाय मी मापून आणलेत... आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी म्हणून एक शाल चढवली होती. तीच अर्ध्यावर अडकली. काढावी तर उसवणार. दीडशे टाके सुयांना लटकलेले. आणि ही म्हणाली काय? "राहू दे. पुष्कळ झालं विणून."

राहू दे! भांडली असती तर चाललं असतं. भांडणाची मला सवय आहे. पण हिनं गुपचूप एक जुनी चादर काढली आणि मशीनवर पांघरली, माणसावर पांघरतात तशी. आणि दुपारची झोपायला लागली. पंचेचाळीस वर्षांत ही बाई दुपारी आडवी झालेली मी बघितली नव्हती! लोखंड पडून राहिलं की गंज कुठून सुरू होतो ते मला विचारा. बोललो नाही. बोर्ड पिशवीत घातला आणि निघालो.

पहिला गाठला दुरुस्तीवाला. एका डोळ्याला भिंग, तोंडात स्क्रू. बोर्ड भिंगाखाली धरला, उलटा केला, सुलटा केला, स्क्रू तोंडातून काढला आणि म्हणाला, "काका, चिपांवरची नावं कुठायत?" आता तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो, प्रत्येक चिपेच्या पाठीवर तिचं नाव-नंबर छापलेला असतो. तो वाचायचा, तसलीच दुसरी आणायची, डाग द्यायचा, झालं. "इथे तर सगळी घासून टाकलीत! कोणत्या गाढवानं केलं हे?"

आता मी काय बोलणार? मी कमी बोलतो.

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर जायला नको. ते... मीच. बारीक कानशीनं. त्या काळी माझ्या डोक्यात बसलं होतं की हे मशीन कोणाच्या नजरेस पडलं तर नक्कल मारतील, गल्लोगल्ली खर्र खर्र सुरू होईल. मित्र हात जोडत होता, "अरे नको रे, उद्या मलाच आठवणार नाही कुठे काय बसवलंय!" मी ऐकतो? एकेक चिप अशी गुळगुळीत केली, अशी केली, की त्यात तोंड बघून दाढी करावी. पंधरा वर्षं कोणाच्या बापाला नक्कल मारता आली नाही. आता मलाही येईना. दुरुस्तीवाला म्हणाला, "पण घासलंय झकास हो!" म्हटलं, हं. असेल कोणी कारागीर.

मग आमचे चिरंजीव. हुशार आहे, ऑफिसात बसतो, बसूनच असतो. म्हणाला, "बाबा, तुम्ही कुठे फिरताय? बाजारात तयार मिळतो. अख्खा कॉम्प्युटर, पत्त्यांच्या कॅटाएवढा!" मागवला. आला. आता मशीनचा डबा मी स्वतः पत्रा ठोकून केलेला, लांबी वीतभर, रुंदी तीन बोटं. कॅट काही आत जाईना. बाहेर दोऱ्यानं बांधला, जखमेला बांधतात तसा. आणि गंमत ऐका, मोटर सुरू झाली रे झाली की याला झीट! गाडा निघाला की हा बंद, हा शुद्धीवर आला की गाडा बंद. दोघं एका वेळी म्हणून चालेनात. एका घरात राहून अबोला धरलेल्या माणसांसारखं. चिरंजीव म्हणाले, "मग आपल्या मापाचा करून घ्यावा लागेल. त्याचा डिझायनर शोधा." हे मात्र मला पटलं. मापाचं काम मला कळतं. जन्मभर दुसरं केलंय काय?

शोधा म्हणणं सोपं आहे हो!

काचवाल्यांचं मघाशी सांगितलं, हजार पीस. जाता जाता त्यातला तिसराही बोलला, "सर, या चिपा कोणीतरी मुद्दाम घासल्यात. कोण असेल हो इतका...?" शब्द गिळला त्यानं. पाणीवाला होता, सभ्य होता.

मग चिरंजिवांनी एक डिझायनर पडद्यावर आणला. लांब कुठेतरी राहतो, नुसतं डोकं दिसतं. म्हणाला, "सर, आधी रिक्वायरमेंट सांगा." म्हटलं, शाल पूर्ण झाली पाहिजे. "नाही सर, टेक्निकल." म्हटलं, दीडशे सुया. "नाही सर, म्हणजे बोर्डाला इनपुट काय, आउटपुट काय?" म्हटलं, इनपुट लोकर, आउटपुट शाल. तो थिजला. अक्षरशः थिजला, तोंड उघडं ते उघडंच. मुलगा म्हणाला, "बाबा, नेटवर्क गेलं." मला विचाराल तर नेटवर्क होतं. माणूस गेला होता.

मग एक निवृत्त मास्तर भेटले. इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मला बघून इतका आनंद झाला त्यांना, की मलाच शंका आली. घरात फळा! तीन दिवस, रोज दोन तास, विजेच्या जन्मापासून सुरुवात. मी वही घेऊन बसलो, या वयात, गुडघे दुखतात, मान डोलवतो. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमचा पाया कच्चा आहे." म्हटलं, मास्तर, माझा पाया काँक्रीटचा आहे, त्यावर लेथ उभा आहे. बोर्ड कधी बनवणार तेवढं सांगा. ते खडू खाली ठेवून म्हणतात, "बोर्ड? मी? छे! मी शिकवतो." आणि दारापर्यंत सोडायला आले, तिथे आठवण काढलीच, "ती नावं ज्या महामूर्खानं घासली ना, त्याला माझ्याकडे पाठवा." म्हटलं, निरोप देतो.

असे तीन महिने! घरी यावं तर चादर तशीच, ही दुपारची झोपलेली. विचारायचीसुद्धा नाही की कुठे होता. पिशवी खुंटीला लावायचो, पुन्हा सकाळी काढायचो. मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे. आईसाठी तयार शाल आणू." तयार! त्याच्याकडे असं बघितलं की तो आठवडाभर फोनवरच बोलला.

शेवटी त्या पहिल्या दुरुस्तीवाल्यालाच माझी दया आली. म्हणाला, "काका, एक बाई आहेत. घरीच बोर्ड डिझाइन करतात. एक नगसुद्धा करतात. पण जरा... कडक आहेत." म्हटलं, पत्ता दे. कडक माणसं मला चालतात. ती कमी बोलतात.

तिसरा मजला. लिफ्ट नाही. दार उघडलं, चाळिशीच्या बाई, चष्मा डोक्यावर, हातात तापलेली डाग द्यायची कांडी. जेवायचं टेबल, त्याच्या अर्ध्यावर ताटं आणि अर्ध्यावर तारा, लोणच्या-मिठाशेजारी मायक्रोस्कोप. बसा म्हणाली नाही. मी बोर्ड पुढे केला. तीन सेकंद बघितला आणि ताटांकडे सरकवला. म्हणाली, "हा मेलाय. याचं काही सांगू नका. मशीन काय करतं ते सांगा."

म्हटलं, विणतं.

"कसं?"

म्हटलं, खर्र करून जातं, खर्र करून येतं.

"गाडा टोकाला गेला की किती थांबतो? एका वेळी किती सुया उचलतो? दिवा कधी लुकलुकतो? धागा तुटला तर काय करतो?"

मी गप्प. आणि या वेळी तुम्हाला खरं सांगतो, कमी बोलतो म्हणून गप्प नव्हतो. माहीतच नव्हतं! अहो, मशीन मी बनवलं. खाचेची खोली विचारा, गाड्याचं वजन विचारा, झोपेतून उठवून विचारा! पण चालताना ते करतं काय, हे पंधरा वर्षांत मी एकदा बसून बघितलं नव्हतं.

"चालवतं कोण?"

म्हटलं, आमची मंडळी.

"मग त्यांना आणा ना. तुम्ही कशाला आलात?"

असं! तोंडावर! कारखान्यांचे मालकसुद्धा माझ्याशी असं बोलायला धजले नव्हते. जिना उतरताना कान लाल झाले होते, आणि मनात म्हणत होतो, बाई कामाची आहे.

घरी आलो. हिला म्हटलं, चल. "कुठे?" चल म्हणतो ना. "मला काय कळतं त्यातलं? राहू द्या हो आता." पुन्हा तेच! उभा राहिलो. पुढचं वाक्य घशातून वर यायला लिफ्ट नाही लागत, हिंमत लागते. म्हटलं, "तुझ्याशिवाय होणार नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं ताप आहे का बघत होती. मग उठली, केस सारखे केले, कपाटातून एक जड पिशवी काढली आणि म्हणाली, "आधी नाही का सांगायचं?"

बाईंनी दार उघडलं. "या काकू, बसा." ऐकलंत? बसा! मला म्हणाली, "काका, तुम्ही जरा तिकडे." तिकडे म्हणजे कपडे धुवायच्या मशीनपाशी, स्टुलावर.

आणि मग आमची ही बोलायला लागली. "टोकाला गेला की दोन मोजेपर्यंत थांबतो. लोकर जाड असेल तर तीन. मग सोळा सुया एकदम उचलतो, जरा श्वास घेतो, मग पुढच्या सोळा." श्वास घेतो म्हणे! "डावीकडून येताना आवाज जरा खालचा असतो, तो वर गेला की समजायचं कुठे तरी टाका अडकलाय. दिवा एकदा लुकलुकला की ओळ पूर्ण. दोनदा लुकलुकला की धागा तुटला. आणि नुसताच जळत राहिला की यांनी कशाला तरी हात लावलाय." बाई टाइप करताहेत, मान डोलवताहेत, विचारताहेत, आणि आमची ही, जिला काही कळत नव्हतं ना, ती उत्तरं देतेय, फाडफाड! मी स्टुलावर.

मग पिशवी उघडली. सात वह्या. चौकटीच्या. पानन् पान भरलेलं, एक चौकट म्हणजे एक टाका, काळी म्हणजे सुई वर, पांढरी म्हणजे सुई खाली, कडेला बारीक अक्षरात कुठलं बटण, किती वेळ, काय बिघडलं, काय केलं. आता हसू नका. या वह्या मी पंधरा वर्षं बघत होतो. मला वाटायचं, ही शब्दकोडी सोडवते! एकदा मी आपुलकीनं विचारलंसुद्धा होतं, "सुटलं का गं?" तर म्हणाली, "सुटतंय." एवढंच. घरात कमी बोलणारा मी एकटाच आहे असं मला वाटायचं.

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पहिली वही, दुसरी वही... "काकू, हे तुम्ही लिहिलंत? अहो, मोठमोठ्या कंपन्या मला इतकं स्वच्छ लिहून देत नाहीत. या जुन्या बोर्डाची मला गरजच नाही. सगळा बोर्ड इथे आहे." ही लाजली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एकदा लाजली होती, त्यानंतर आत्ता. तेव्हाही मी केलेल्या कौतुकानं नव्हती लाजली, हेही सांगून टाकतो.

"बरं, बोर्ड गेला कसा?" बाईंनी सहज विचारलं.

मी स्टुलावरून म्हटलं, "वयानं."

ही म्हणाली, "पेचकसानं."

...

तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. विचारलंत कुठे तुम्ही? ही बाजारात गेली होती. मी म्हटलं, जरा आतून साफ करू, तिला बरं वाटेल. डबा उघडला. बटण बंद करायचं राहिलं. पेचकस सटकला, चट्कन ठिणगी, आणि धूर. ठिणगी तिच्या शालीवर पडली नाही एवढंच नशीब. ती यायच्या आत सगळं होतं तसं बसवलं आणि ती आल्यावर म्हटलं, "तुझ्या बोर्डाचं वय झालं बघ." आणि ही बाई तीन महिने सगळं ओळखून होती! म्हटलं, तुला कळलं कसं? म्हणाली, "डबा उलटा बसवला होतात."

मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "तुम्ही रोज पिशवी घेऊन निघत होतात ना. म्हटलं, फिरू दे."

बाईंनी मेलेला बोर्ड पुन्हा उचलला. "आणि ही नावं कोणी..." मी कपड्यांच्या मशीनच्या झाकणाकडे बघायला लागलो. छान झाकण होतं. ही म्हणाली, "तेही हेच. दोन दिवस बसून. मित्र रडकुंडीला आला होता बिचारा." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी तयार होतो. गाढव म्हणा, महामूर्ख म्हणा, सवय झाली होती. ती बोर्डावरून बोट फिरवत म्हणाली, "काका, हात मात्र जबरदस्त आहे तुमचा. एक काम कराल? डब्याचं माप काढून द्या. भोकं कुठे, तारा कुठून बाहेर पडतात, सगळं. लोक मला पट्टीनं मापून देतात आणि मग बोर्ड बसत नाही."

पट्टीनं! मी मायक्रोमीटर काढला. दोन दिवस मापलं. उलटं मापलं, सुलटं मापलं, कागदावर उतरवलं. बाईंनी कागद बघितला आणि काही म्हणजे काही विचारलं नाही. ज्यानं आयुष्यभर नकाशे वाचलेत त्याला विचारा, नकाशा बघून समोरचा गप्प बसला तर काय वाटतं.

सहा आठवडे लागले. बोर्ड आला. डब्यात असा बसला, टक्, जसा डब्यातच वाढला होता. हिनं चादर काढली, घडी केली, कपाटात ठेवली. घडी करायला जरा जास्तच वेळ लावला. दीडशे टाके तसेच वाट बघत. बोट बटणावर ठेवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही जरा लांब उभे राहा." राहिलो. दारात. दाबलं.

खर्र...

थांबला. एक, दोन.

खर्र...

मी काही बोललो नाही. सवयीनं नव्हे. बोलताच आलं नसतं.

चार दिवसांत शाल उतरली. ऐन उन्हाळा, पण ही पांघरून बसली, पंखा मोठा करून. सून म्हणाली, "आई, उकडत नाही का?" तर म्हणे, "उकडतंय ना."

नवा बोर्ड मी नंतर भिंग लावून बघितला. खोट काढायला नव्हे, आपलं उगीच. काम पक्कं आहे. आणि चिपांची नावं तर आहेतच, वर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत बाईंनी सगळं छापलंय, कुठली तार कुठे जाते, कुठला भाग काय करतो, शाळेतल्या पोरानंही वाचावं. हिनंच सांगितलं होतं म्हणे तसं करायला. वाचत वाचत कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे एक ओळ होती. "हात लावण्याआधी काकूंना विचारा."

छापलंय! बोर्डावर! कायमचं! बाईंना फोन केला, म्हटलं, ही तुमची काय रीत? म्हणाली, "काका, ती काकूंची रिक्वायरमेंट होती."

आता विचारतो. करणार काय? कालचीच गोष्ट, गाड्याला दोन थेंब तेल घालायचं होतं. गाडा मी बनवलेला, तेल माझं, तेलाची बुधली माझी. तरी जाऊन विचारलं. मान वर न करता म्हणाली, "गुरुवारी बघू."

काल गुरुवारच होता.